माळेत अडकलेली बारीक वायर

बॅटरी फुटली तेव्हा लेक तिच्यावरच वाकलेली होती. आवाजानं माझे कान बंद झाले. ती दोन्ही हातांनी डोळे धरून खाली बसली. तिचे ओठ हलत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग ऐकू आलं, "माय, ॲसिड गेलं डोळ्यांत."

मी तिला मोरीत ओढलं आणि ड्रममधलं पाणी तोंडावर मारायला लागले. आमच्या पडेगावात नळ कधी येईल याचा भरवसा नाही, भांडी विसळलेलं पाणीही आम्ही टाकत नाही. त्या दिवशी अख्खा ड्रम उपसला.

"डोळे उघड."

"उघडत नाय, माय."

मी बोटांनी पापण्या फाकवल्या आणि ओतत राहिले. माझे हात चुरचुरत होते, ते माझे आहेत असंच वाटत नव्हतं.

नवरा मोरीच्या दारात उभा होता. हातात झेंडूची सुकलेली माळ. "मी तर नुसती माळ काढली," एवढंच तो परत परत म्हणत होता.

लेक पुढच्या खोलीत जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करते. बॅटरीत किती दम उरलाय हे बघायला तिनं स्वतः एक मशीन जुळवलं होतं. बटण फिरवून ठरवलं, की ते बॅटरीतून तेवढाच करंट ओढायचं. मी चौथी शिकलेली, माहेर गंगापूरचं. तिनं मला कालव्यावरून समजावलं होतं. एक माणूस वर कालव्याचं दार उघडतो, दुसरा खाली पाणी किती आलं ते त्याला सांगतो. मशीनमध्ये हे सांगायचं काम एका बारीक वायरीचं. सांगणारा गप्प झाला, की वरच्याला वाटतं पाणी येतच नाही, आणि तो दार पूर्ण उघडतो.

खंडेनवमीला नवऱ्यानं पकडी, पाने अशी हत्यारं पुजली आणि मशीनलाही माळ गुंडाळली.

"अण्णा, त्याला हात लावू नका," ती म्हणाली होती.

"पकडीला देव आणि ह्याला नाय व्हय?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ ओढून काढली. तिच्यात अडकून ती बारीक वायरही निघाली. कोणाच्या लक्षात आलं नाही. लेकीनं बॅटरी जोडली, बटण थोडंसंच फिरवलं, तरी मशीननं सगळा करंट ओढला, वायरी लाल झाल्या. ती बॅटरी सोडवायला वाकली.

दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली असताना ती बापाला म्हणाली, "वायर निघाली तर मशीन बंद पडंल, असंच करायला पाहिजे होतं मी."

मी म्हणाले, "आणि ह्यांनी हात लावायला नको होता. दोन्ही खरंय."

माझ्या लुगड्याला ॲसिडनं भोकं पडली होती, त्यांत नवरा बोट घालत बसला.

तिचा उजवा डोळा गेला. डावा राहिला. बॅटरी फुटली तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो, तिघंही जगलो.