‘येऊन राह्यले’चा सिनेमा

गुरुजींचं नाव सिनेमाच्या पाटीवर राहणार. काल दुपारी खुद्द त्यांनीच फोन करून सांगितलं, ‘‘ते निवेदन छापू नका.’’ तेव्हापासून हे कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय मला…

आमचे दत्ता गुरुजी मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. रिटायर होऊन आता नवीन जालन्यात असतात. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, तीही थोरल्या बहिणीवर. त्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि गेल्या शुक्रवारी तो आपल्या टॉकीजला लागला.

पहिल्याच खेळाला गुरुजी एकटे जाऊन आले… आणि तिथून थेट माझ्या ऑफिसात. हातात दोन पानी निवेदन. ‘या चित्रपटाशी माझा संबंध नाही, माझे नाव काढून टाकावे.’ पेपरात तीस वर्षं काढलीत मी, ही बातमी होती हे सांगायला नको. सोमवारच्या अंकासाठी ठेवून घेतलं.

भांडण एका वाक्याचं होतं. कादंबरीत सासरी गांजलेली नायिका हसनाबादहून एसटीच्या कंडक्टरजवळ आईसाठी चिठ्ठी देते… ‘मी येऊन राह्यले.’ तिथंच कादंबरी संपते.

आपल्याकडं याचा अर्थ कुणालाही विचारा. येतेय, निघालेय. पुढं ती पोचली का, कुणी अडवली का, ते वाचकानं ठरवायचं.

पटकथा लिहिणारे पुण्याचे. त्यांनी ते ‘येऊन राहिले’ असं वाचलं. म्हणजे आली आणि राहिली… त्यामुळे सिनेमा चिठ्ठीपाशी थांबतच नाही. पुढची वीस मिनिटं ती माहेरी राहते, शेत करते, आईचं दुखणं काढते, म्हातारी होते.

‘‘एका शब्दापायी वाटोळं केलं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘बिलकुल कळली न्हाई त्यांना कादंबरी.’’

छापण्याआधी आपण बघून घ्यावं म्हणून रविवारी बाराच्या खेळाला गेलो. टॉकीजच्या दारात गुरुजी उभे, चेहरा पडलेला. शेजारी त्यांच्या अक्का… म्हणजे कादंबरीतली ती. सत्तरीच्या, पण सकाळच्या गाडीनं एकट्या आलेल्या. येऊ नको म्हणून गुरुजींनी दोनदा निरोप धाडला होता म्हणे.

आत बसलो. कादंबरीतला आठवडी बाजार चांगला चाळीस पानं चालतो. सिनेमात दीड मिनिटात आटोपला, आणि तेवढ्यातही सगळ्यांच्या डोक्याला कोल्हापुरी फेटे.

‘‘हे कोणतं हसनाबाद म्हणायचं रे?’’ अक्कांनी विचारलं. मागच्या दोन रांगा हसल्या. गुरुजींना जरा बरं वाटलेलं दिसलं.

पण चिठ्ठीचा प्रसंग… पुस्तकात तो चार ओळींचा आहे. इथं चिठ्ठी कंडक्टरच्या खिशात, आणि गाडी प्रत्येक थांब्यावर थांबतेय. माणसं चढतायत, कोंबड्या चढतायत, आणि सगळं टॉकीज त्या एका खिशाकडं बघतंय. कबूल करतो, इथं सिनेमा कादंबरीच्या पुढं गेला.

चिठ्ठी आईच्या हातात पडली तसे गुरुजी उठले. ‘‘चल अक्का. संपली आपली गोष्ट.’’

अक्कांनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं. ‘‘बस. माझी तर आत्ता सुरू झाली.’’

पुढची वीस मिनिटं मी पडद्यापेक्षा शेजारीच जास्त पाहिलं. अक्का पापणी न हलवता बघत होत्या. दिवे लागले, लोक निघाले, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

‘‘चिठ्ठीच्या पुढचं त्यांना कुणी सांगितलं रे?’’

‘‘कुणी न्हाई. चुकून झालं. आपली भाषा समजली न्हाई त्यांना.’’

‘‘मंग चुकून बराबर झालं.’’ अक्का शांतपणे म्हणाल्या. ‘‘दत्ता, तू माझं येणं लिहिलं. राहणं न्हाई लिहिलं. अख्खा जन्म राह्यले की मी तिथं.’’

‘‘लोकांनी नावं ठेवली असती अक्का तुला…’’

‘‘मला का तुला?’’

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला.

अक्का पिंपळगावला राहतात हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. पण माहेरी परत आलेली लेक तिथंच राहिली, राबली, आणि भावाच्या पुस्तकात मात्र वाटेतच थांबली… हे मला कधी सुचलंच नाही. कादंबरीचा तो अधांतरी शेवट मी आजवर किती जणांना वाखाणून सांगितलाय.

निवेदन सोमवारच्या अंकात गेलं नाही. गुरुजी एक दिवस थांबा म्हणाले होते. मग काल तो फोन आला. ती दोन पानं तेवढी परत हवीत त्यांना. ‘‘मागची बाजू कोरी आहे. राहणं लिहायला घेतो.’’

गुरुवारी सिनेमाचा इथला शेवटचा खेळ. अक्का पिंपळगावच्या बायकांची जीप भरून आणून राह्यल्या… पुण्याच्या मित्रांनी हे वाक्य जपून वाचावं.