दोन पडद्यांवरची माळ

प्रेमलता मसुऱ्यात लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. दुकानदार सत्यवानशेटने ग्राफिक्स कार्ड असल्याचं सांगून तिला महागडा कम्प्युटर विकला. कार्ड नव्हतंच. चित्र अडखळायचं, गिऱ्हाइकं हसायची. ती तक्रार घेऊन गेली तेव्हा शेट म्हणाला, "बायल माणसाक ह्यातला काय कळता?"

तिने कुडाळहून अर्ध्या किमतीत दुसरा जोडून आणला, पण शेटचा टाकला नाही.

तीन वर्षांनी शेटच्या लेकीचं लग्न झालं. मिक्सिंग प्रेमलताकडेच होतं; व्हिडिओ बघायला शेट व्याह्यांना घेऊन आला. तिने दोन्ही कम्प्युटर शेजारी ठेवून एकच प्रसंग लावला. कुडाळच्यावर माळ नवऱ्याच्या गळ्यात पडली. शेटच्यावर नवरीचे हात हवेतच अडकले.

"हो खंयचो डबो गो?" व्याह्यांनी विचारलं.

"शेटच्या दुकानातलो."

शेटचा हात बटणाकडे गेला.

"बंद करू नकात," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बघा."