जळालेल्या शिक्क्याची साक्ष

भुतंखेतं, अंगात येणं, लिंबू-टाचण्या... असल्या गोष्टी मी आयुष्यात कधी मानल्या न्हाईत. वय पंच्याहत्तर, शाळा चौथीपतूर. रानात एकटा झोपलोय, स्मशानाच्या वाटेनं पहाटेचं दूध घालून आलोय, मला कधी कोण आडवं आलं न्हाई. आजबी मी मानत न्हाई. पण जे झालं ते झालं, अन् ते खोटं म्हणणाऱ्यानं माझ्या दारात येऊन म्हणावं. हे मी वहीत लिवलंय. टाईप आमच्या भाडेकरू मेघना मॅडमनी केलंय. त्यांना बजावलंय — माझी भाषा सुधारायची न्हाई.

आमचं गाव मुळशी तालुक्यातलं, सूसच्या पलीकडं, कासारसाईच्या अंगाला. खाली आमी, वर दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या. तितं मॅडम राहतात, चाळिशीच्या, हिंजवडीला कंपुटरच्या कामाला. माझी बायको सुमन. पोरगी एकच, अलका, जर्मनीत नोकरीला.

रस्त्याकडंचं रान मला विकायचं व्हतं. वडिलोपार्जित, म्हणजे पोरीचा हक्क आला. हक्कसोड पत्रावर तिची सही पाहिजे. ती म्हणली, "आईची मर्जी असंल तर करते." अन् सुमनची मर्जी नव्हती. मंग मी काय केलं... सांगतो, लपवून काय करू आता. पुतण्याला कंपुटरपुढं बसवलं अन् सुमनच्या नावानं अलकाला ईमेल धाडलं — माझी राजीखुशी हाय, सही कर.

अलकानं सरळ आईला फोन लावला. सुमन भाकरी थापत व्हती. फोन ऐकला, ठेवला, माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "पुतण्यानं परस्पर केलं असंल." तेबी खोटं. तिला कळलं व्हतं. अलका त्या दिवसापासून माझ्याशी बोलायची थांबली.

दुसऱ्या दिवशी सुमन जिना चढून मॅडमकडं गेली. "माझ्या नावानं दुसऱ्या कुणाला लिवता येऊ नये, अन् माझं पत्र पोरीबिगर कुणाला वाचता येऊ नये, असं काय असतं का हो?"

मॅडमनी त्यांचा जुना लॅपटॉप दिला अन् शिकवलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र न्हाई, जाहिरात न्हाई, सगळं टाईप करून सांगायचं. सुमन सातवी झालेली, एका बोटानं टकटक करायची. पंधरा दिवसांत पत्र धाडायला लागली, शिक्का मारून अन् कुलूप घालून.

मॅडमनी मला समजावलं ते असं. शिक्क्याचे दोन भाग. एक गुप्त, मालकाकडंच राहतो, पासवर्डबिगर चालत न्हाई. दुसरा उघडा, तो लोकांना द्यायचा. त्याच्यावरनं लोक ओळखतात की शिक्का खरा का खोटा, अन् त्यानंच तुमच्यासाठी पत्राला कुलूप घालतात. अन् एकाच्या शिक्क्याला दुसरा आपल्या शिक्क्यानं साक्ष देऊ शकतो. खरेदीखताला साक्षीदार उभा करतात ना, हा माणूस तोच हाय म्हणून... तसं. हे मला लगेच कळलं. कचेरीत लई उभा राहिलोय.

सुमननं गुप्त भाग लॅपटॉपवर ठेवलाच न्हाई. "ह्या घरात नको," म्हणली. पेनड्राइव्हवर घेतला अन् ती कांडी चंचीत घातली, सुपारी-अडकित्त्याबरोबर. चंची कायम कमरेला.

मी एकदा चिडवलं, "तिजोरीची चावी बांधून हिंडतीस व्हय?"

"व्हय," ती म्हणली, "चोर घरातलाच हाय."

मागल्या भाद्रपदात ती गेली. छातीत कळ आली, दवाखाना येईपतूर संपलं. सरणावर तिच्या आवडीचं काय ठेवायचं, भावजयीनं इचारलं. मी म्हणलं, "चंची ठेवा." उघडून बघितलीपण न्हाई. माझंच डोकं... सावडताना राखेत अडकित्ता सापडला अन् एक वितळलेला काळा गोळा. तो मी माझ्या हातानं नदीत सोडला. घरी आलो तर मॅडम दारात. "आण्णा, काकूंची पेनड्राइव्ह कुठंय?" मी सांगितलं. त्या म्हणल्या, "दुसरी कॉपी नाहीये. काकूंनी करूच दिली नाही."

अलका दहाव्याला आली, तेरावं करून गेली. माझ्याशी चकार शब्द न्हाई.

नंतर मी रानाचा सौदा मोडला. का मोडला ते इचारू नका. रिकाम्या घरात बसलं की माणसाला कळतं. रान अलकाच्या नावावर करायचं ठरवलं अन् तिला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आण्णा, आवाज तुमचा हाय. शब्द कुणाचा हाय ते मला कसं कळावं?"

"माझाच हाय की!"

"आईच्या नावानं आलेला शब्द पण असाच होता. आईनं ज्याच्या शिक्क्याला साक्ष दिली त्याचंच पत्र मी उघडते. बाकीचं न वाचता काढून टाकते." अन् फोन ठेवला.

मी जिना चढलो. मॅडमना म्हणलं, "मलाबी शिक्का करून द्या."

"देते. पण साक्ष कुठून आणणार? काकू नाहीत, त्यांचा गुप्त भाग पेनड्राइव्हबरोबर जळाला."

"ते माझं मी बघतो." काय बघणार व्हतो मला ठावं न्हाई. पण बोलून बसलो.

रविवारी सकाळी दहाला पडवीत बसलो. तोच जुना लॅपटॉप. मॅडमनी माझं नाव टाकलं. म्हणल्या, "आता कीबोर्ड कसाही बडवा, शिक्का बनवायला मशीनला गोंधळ लागतो." मी बडवला. मंग पासवर्डसाठी त्यांनी तोंड फिरवलं, मी टाकला. झाला शिक्का. पुतण्याची बायको चहा ठेवून गेली. लॅपटॉप आमच्या दोघांच्या मधी चटईवर. त्याला ना त्यांचा हात, ना माझा. पावसाचं, गॅस सिलिंडरचं असंच बोललो.

चहा संपल्यावर मॅडम म्हणल्या, "बघू तुमचा शिक्का." चार अक्षरं दाबली. अन् पडदा माझ्याकडं फिरवला.

"आण्णा, तुम्ही काही दाबलंत?"

"कपबशी धरली व्हती मी, काय दाबणार?"

पडद्यावर माझं नाव, त्याच्याखाली दोन ओळी. पहिली माझ्याच शिक्क्याची, ती असतेच म्हणल्या. दुसरी सुमनची. साक्ष. वेळ त्याच सकाळची, दहा मिनिटांपूर्वीची, आमी चहा पीत व्हतो तवाची.

मॅडमनी सुमनच्या उघड्या भागावरनं ती तपासली. खोटी असती तर मशीननं खोटी म्हणलं असतं. मशीन खरी म्हणलं. परत तपासली. सगळा लॅपटॉप धुंडाळला, सुमनचा गुप्त भाग कुठंच न्हाई.

मी भाबडा न्हाई. सरळ इचारलं, "मॅडम, कॉपी तुमच्याकडं हाय ना? मला बरं वाटावं म्हणून केलंत. खरं सांगा, मी रागावणार न्हाई."

त्या ताडकन उठल्या. "काकूंना मी शब्द दिला होता. आणि कॉपी असती तरी पासवर्ड कुठंय? त्यांनी टाकताना मला बाहेर काढलं होतं!" चार दिवस माझ्याशी बोलल्या न्हाईत. खोटं बोलणारं माणूस मी रोज आरशात बघितलंय. त्या खोटं बोलत नव्हत्या.

पुतण्या म्हणतो कुणीतरी हॅक केलं. अरे, माझा शिक्का दहा मिनिटांचा, त्या चटईवरनं बाहेर गेलाच नव्हता! भावजय म्हणते शांत करून घ्या, गुरवाला बोलवा. कसली शांत? ती माझ्या बाजूनं बोलली, अन् मी तिला गप करू? जन्मभर तेच केलं. आता न्हाई करणार.

पाचव्या दिवशी मॅडमच खाली आल्या. त्यांच्यासमोर मी अलकाला पत्र लिवलं. माझ्या बोटानं, सव्वा तास लागला. ते ईमेल मी लिववलं व्हतं. पुतण्याची चूक न्हाई. तुझ्या आईला मरेपतूर मी हे कबूल केलं न्हाई. रान तुझं. एवढंच. शिक्का मारला, कुलूप घातलं, बरोबर माझ्या शिक्क्याचा उघडा भाग जोडला, त्याच्यावर सुमनची साक्ष. धाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. अलका रडत व्हती का हसत, कळंना.

"आण्णा, आईची साक्ष खरी हाय. मी इथल्या दोन मशीनवर तपासली. पण त्याच्यापुढं आकडा बघितला का? दोन हाय."

"दोन म्हंजे?"

"साक्ष देताना मशीन इचारतं, ह्या माणसाची खात्री किती केली? शून्य म्हणजे सांगत न्हाई. एक म्हणजे केलीच न्हाई. तीन म्हणजे पुरती केली. आईनं दोन टाकलंय."

"अन् दोन?"

"थोडीफार."

सेहेचाळीस वर्षांचा संसार, अन् थोडीफार! दुसरं कोण असतं, मला खूश करायला बसलेलं, तर तीन टाकलं असतं. दोन टाकणारी एकच बाई मी बघितलीय.

अलका म्हणली, "मी पण तेवढीच खात्री धरते, आण्णा. दिवाळीला येते. रानाचं समोर बसून बोलू."

कसं झालं ते मला ठावं न्हाई, मॅडमना न्हाई, त्यांच्या ऑफिसातल्या शहाण्यांनाबी न्हाई. तुमाला उत्तर सुचलं तर तुमच्याजवळच ठेवा. भूत म्हणू नका, भास म्हणू नका. माझ्या बायकोनं मला थोडंफार मानलं, हे कागदावर हाय. ते खोडायला आता कुणी यायचं न्हाई.