साक्ष देण्याचा मान

सोलापुरातल्या आमच्या चर्चची एक रीत होती. तरुण संघ कुठे सेवेला गेला, की परतल्यावरच्या रविवारी एकाने पुढे उभं राहून साक्ष द्यायची. देवानं तिथं आपल्याला काय दाखवलं, ते सांगायचं. मंडळी रडली तर साक्ष उत्तम. सलग दोन वर्षं हा मान माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका मुलीला, शिंप्याच्या पोरीला, मिळाला होता आणि दोन्ही वेळा मंडळी भरपूर रडली होती. मी अठरा वर्षांची होते. नुसती जळत होते.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि आम्ही सांगोल्याकडच्या एका गावी निघालो, तेव्हा माझी साक्ष तयार होती. घरीच लिहून पाठ केली होती. 'एका माउलीच्या सुरकुतलेल्या हातांत मला प्रभू दिसला', या वाक्यावर आवाज जरा कापरा करायचा, हेही ठरलं होतं. आता फक्त माउली शोधायची बाकी होती.

चार दिवस टँकरवरून घरोघर पाणी नेण्याचं काम होतं. मी राबले. चर्चचे पाळकसाहेब बघत असले की दोन घागरी, त्यांची पाठ वळली की एक. शिंप्याची पोर मात्र वेळ मिळाला की एका म्हातारीच्या दारात बसून तिच्या केसांतल्या उवा काढायची! याला काय सेवा म्हणायची? मी त्या म्हातारीकडे घागर घेऊन गेले, तर ती माझ्या मागे बघत म्हणाली, "ती दुसरी पोरगी कुटं हाय?"

"मी आणलंय की पाणी, आजी."

"व्हय गं बाई, ठेव तितं. तिला धाड."

पाळकसाहेबांनी माझ्या दोन घागरीच पाहिल्या होत्या, त्यामुळे मान मला मिळाला. रविवारी इस्त्रीची साडी नेसून पुढे गेले, तर दुसऱ्या बाकावर ती म्हातारी! सोलापुरात गिरणीत कामाला असलेल्या लेकाकडे आली होती आणि विचारत विचारत चर्चपर्यंत पोचली होती. बसली होती अर्थातच शिंप्याच्या पोरीला खेटून.

"एका माउलीच्या..." म्हणाले आणि थांबले. ते हात मी चार दिवसांत नीट पाहिलेही नव्हते. पाठ केलेलं पुढचं काहीच आठवेना आणि तोंडातून भलतंच निघालं.

"मी सेवेला गेले नव्हते. या मानासाठी गेले होते. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा मला हेवा वाटतो. आत्ताही वाटतोय."

मग मागून कुणीतरी नाक ओढलं आणि बघता बघता अख्खी मंडळी रडायला लागली. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. शिंप्याच्या पोरीच्या दोन्ही साक्षींना मिळून इतकं रडणं झालं नव्हतं! खरं सांगते, देवानं त्या दिवशी माझं पाठांतर काढून घेतलं, याचे आभार मी आजही मानते. पण त्या क्षणी मी विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहिलं.

ती रडत नव्हती. हलतही नव्हती. म्हातारी तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती आणि तिची झोप मोडू नये म्हणून ही श्वाससुद्धा जपून घेत होती.

तिथंच, उभ्याउभ्या, मी पुन्हा नव्यानं जळायला लागले.