आदल्या दिवशीचं इतिवृत्त

टेलरबाईंनी भाऊसाहेबांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांना दिसलं फक्त एक टक्कल. तेही एकदम नाही. फायलींच्या डोंगरामागून ते सूर्यासारखं सावकाश उगवलं. डोंगरही लहानसहान नव्हता. त्याच्या एका दरीत चष्म्याचं घर हरवलेलं होतं, दुसरीत अर्धा बिस्किटाचा पुडा तळ ठोकून होता, आणि शिखराकडे जाणाऱ्या वाटेवर एक मुंग्यांची रांग बहुधा दोन-तीन पिढ्या चालत असावी. टक्कल पुरतं उगवलं, त्याखाली चष्मा उगवला, त्याखाली भरघोस मिशी. आणि मिशीतून आवाज आला, "या ताई, या! उद्याच्या सभेत तुम्ही फार छान बोललात."

बाई नगरपरिषदेवर निवडून येऊन तीनच दिवस झाले होते. त्या दचकल्या. "उद्याच्या?"

"हो. पथदिव्यांवर. सगळे गप्प झाले होते." भाऊसाहेबांनी दोन पानं पुढे केली. "वाचून घ्या एकदा. टाळ्या आल्या की थांबायचं."

भाऊसाहेब नगरपरिषदेचे हेडक्लार्क. सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहून ठेवायचं, ही त्यांची अठ्ठावीस वर्षांची पद्धत. ती सुरू झाली ती एका बसथांब्यामुळे. थांब्याचं तोंड रस्त्याच्या कुठल्या बाजूला असावं यावर सभा अकरा तास चालली, आणि निर्णय झाला तेव्हा शेवटची बसही निघून गेली होती. पुढच्या सभेला भाऊसाहेबांनी सगळ्यांची भाषणं आधीच लिहून नेली. सभासदांना ती इतकी आवडली की त्यांनी आपापलं बोलणंच सोडून दिलं. सभासदांतल्या बेकरीवाल्यांना जन्मात सुचली नसती अशी वाक्यं त्यांच्या तोंडी येऊ लागली. ते घरीही भाऊसाहेबांचीच वाक्यं वापरतात, अशी तक्रार त्यांच्या बायकोने एकदा लेखी दिली होती.

कुणी विचारलंच, तर भाऊसाहेब छातीवर हात ठेवून सांगत, "न घडलेलं मी एक अक्षर लिहिलेलं नाही. फक्त घडायच्या आधी लिहिलंय."

दोन वर्षांनी भागीदारीचा ठराव आला. आसपासच्या सात शहरांनी एकत्र यायचं. कचरा एकत्र, पाण्याची तपासणी एकत्र, आगीचे बंब एकत्र, आणि या सगळ्याचं एकच कार्यालय, शेजारच्या मोठ्या शहरात. बाईंचं शहर सामील होणार की नाही, ते गुरुवारच्या सभेत ठरायचं होतं. बुधवारी दुपारी बाई आपलं भाषण न्यायला गेल्या, तर भाऊसाहेब टेबलावर चार गठ्ठे मांडून पुतळ्यासारखे बसलेले.

"हे काय?"

"दोन्ही लिहिलंय, ताई. हे 'नाही'चं पहिलं पान, हे दुसरं. इकडे 'हो'चं. कुठलं वाटायचं ते उद्या सकाळी बघू. आज धीर होत नाही."

"तुम्हाला? धीर?"

"त्या कार्यालयाचा मुख्य कोण होणार माहितेय? माझा मेहुणा!"

मग मेहुण्याचं चरित्र सुरू झालं. मेहुणा जेवताना घड्याळ बघतो. मेहुणा लग्नपत्रिकेतल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून आहेराबरोबर परत देतो. भाऊसाहेबांच्या स्वतःच्या लग्नात त्याने "वेळेचं नियोजन" या विषयावर चार शब्द बोलून दाखवले होते. "आता माझ्या रजेच्या अर्जावर तो सही करणार! आणि आमची ही काय म्हणते? 'अहो, दादाच्या हाताखाली गेलात तर निदान वेळेवर घरी याल.' तीस वर्षं मी इथे मोकळा आहे, ताई. तिथे गेलो की संपलो."

स्टेपलरच्या पिना संपलेल्या होत्या. बाईंनी पर्समधून सुईदोरा काढला आणि पानं टाचायला घेतली. मेहुण्याच्या प्रत्येक किश्शाला त्या इतक्या हसत होत्या की डोळ्यांतल्या पाण्याने सुईचं नाकही दिसेना. पण हात सरावाचे. दोन डझन भाषणं अर्ध्या तासात शिवून झाली. शेवटची गाठ त्यांनी दातांनी तोडली.

गुरुवारी सकाळी भाऊसाहेबांनी मन घट्ट केलं आणि "नाही"चा गठ्ठा वाटला.

बेकरीवाले उठले. "सभागृहातल्या मित्रांनो! ही भागीदारी म्हणजे आपल्या शहराच्या गळ्याभोवतीचा फास आहे," त्यांनी पान उलटलं, "आणि तिला मी कडकडून मिठी मारतो!" पुढे कंसात टाळ्या होत्या, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दातांचे डॉक्टर उठले. "हा ठराव किडलेला दात आहे. तो मुळापासून," पान उलटलं, "प्राणपणाने जपला पाहिजे!" पुन्हा टाळ्या. डॉक्टर मात्र खाली बसताना जरा विचारात पडलेले दिसले.

टेलरबाईंनी आपली पानं उलटून पाहिली. हसता हसता त्यांनी "नाही"च्या पहिल्या पानाला "हो"चं दुसरं शिवलं होतं. सगळीच्या सगळी. शिवण मात्र अगदी सरळ होती.

अध्यक्ष टायरचे व्यापारी. गोंधळ त्यांना सोसत नसे. "भाऊसाहेब," ते घाम पुसत म्हणाले, "आपण नक्की काय ठरवलंय?"

सगळ्या माना भाऊसाहेबांकडे वळल्या. एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हणाले असते, तर ती माणसं नाही म्हणून मोकळी झाली असती आणि मेहुणा आयुष्यभर पलीकडच्या शहरात राहिला असता. भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या घराला आग लागली," ते म्हणाले. "आपला बंब ढकलल्याशिवाय चालू होत नाही. ढकलणाऱ्यांत मीही होतो. चढ चढून आम्ही पोचलो, तोवर डॉक्टरांनी बादल्यांनी आग विझवली होती आणि अंघोळही उरकली होती."

"कपडेही बदलले होते," डॉक्टर म्हणाले.

"तेव्हा सामील व्हा. हो म्हणा."

"अहो, पण मेहुणे?" टेलरबाईंच्या तोंडून निसटलं.

"मेहुणा काय, छळेल फार तर. घर पेटलं की पेटलं, ताई!"

मग जो हलकल्लोळ झाला त्याला तोड नाही. तीस वर्षांत कुणी खरं मत दिलेलं नव्हतं, ते कसं द्यायचं हेच कुणाला आठवेना. बेकरीवाल्यांनी दोन्ही हात वर केले. डॉक्टर खुर्चीवर चढले. अध्यक्षांनी आपणही हात वर करायचा का असं तीन वेळा विचारलं, तेही हात वर करून. भाऊसाहेब कोऱ्या कागदावर खरडत टेबलांमधून धावत होते. "थांबा हो! सावकाश! तुम्ही काय म्हणालात? आणि त्यावर तुम्ही?" मिशीला शाई लागली होती, आणि टक्कल असं चमकत होतं की बाईंना वाटलं, या माणसाला आज पहिल्यांदाच सभा बघायला मिळतेय. त्यांचा स्वतःचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. मेहुण्याच्या आठवणीने तो त्यांना फार जड लागला. भाऊसाहेबांनी तो मोजला आणि मान डोलावली.

ठराव एकमताने झाला. भागीदारीला वरून मंजुरी यायला एकोणीस महिने लागले. मेहुणा मंजुरीच्या तीन आठवडे आधी निवृत्त झाला. भाऊसाहेबांनी नव्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर चौदा महिने काम केलं आणि मग तेही निवृत्त झाले.