बोट दाखवलेले भोपळे

माकणीच्या अलीकडच्या त्या गावात इरम्माशी भांडला नाही असा माणूस शोधायचा झाला, तर तो पाळण्यातच सापडला असता. निजामाचा अंमल होता, दूरच्या लढाईपायी घासलेट रेशनवर गेलं होतं, साखर तर दिसतच नव्हती. पण इरम्माच्या शिव्यांना कधी टंचाई पडली नाही. नवरा मल्लिनाथ जाऊन बारा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. वाटणीत तिच्याकडे एक खोली, एक पडवी आणि मागचं परसू आलं होतं. मधल्या मातीच्या भिंतीपलीकडे धाकटा दीर कल्याणप्पा आणि त्याची बायको शिवकांता राहत. जावाजावांचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, आणि त्याला कारणही भोपळ्याचंच.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गावच्या मठात दासोह असे, म्हणजे सगळ्या गावाची पंगत. त्या पंगतीतली भोपळ्याची भाजी या घराने द्यायची, अशी पणजोबापासूनची चाल. सासू गेली आणि तो मान थोरल्या सुनेकडे, म्हणजे इरम्माकडे आला. भाजी पंगतीत आली की मठाचे स्वामी मोठ्याने म्हणत, "इरम्माची भाजी वाढा." बस्स, एवढे तीन शब्द. विधवा बाईचं नाव चारचौघांत एरवी घेतो कोण? त्या तीन शब्दांवर ती वर्ष काढत असे. आणि वेल फळला नाही तर मान घराबाहेर जाणार, पलीकडच्या आळीच्या गुरुसिद्धप्पाकडे. तो तर टपूनच बसला होता.

म्हणून भोपळ्याच्या वेलाची ती जी राखण करी, तिला तोड नव्हती. वेलाचा मोठा वैरी तांबडा भुंगा. नखाएवढा किडा, पण पानाची चाळण करतो आणि फुलंही सोडत नाही. हा भुंगा पहाटेच्या दहिवरात गारठून पानाला चिकटून असतो, ऊन लागलं की उडतो. इरम्मा झुंजूमुंजू व्हायला वेलात शिरे, पानाखाली पाण्याचं मडकं धरी आणि पान झटकी. पाण्यात घासलेटाचे चार थेंब. दिवा नाही लागला तरी चालेल, भुंगा मेला पाहिजे. "मर मुडद्या, माझं खातोस!" असं एकेका भुंग्याला सांगून ती त्याला बुडवी.

पानांवर राख मात्र ती दुपारनंतरच टाकी. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाश्या येऊन गेल्या, तरच भोपळा धरतो. त्या वेळात वेलाजवळ राख नाही, झाडू नाही, कुणाची सावलीसुद्धा नाही. मधल्या भिंतीत एक भोक होतं, त्यात सातेरी माश्यांचं मोहोळ होतं. मधासाठी कुणी तिकडे नुसतं पाहिलं तरी ती दगड उचले. तिची त्या माश्यांवर माया होती असं समजू नका. राबणाऱ्या बैलाला कुणी हात लावू देत नाही, तसं होतं ते.

त्या वर्षी भुंगा फार झाला. मडकी भरभरून भुंगे मेले तरी पानं वाळक्या जाळीसारखी दिसू लागली. मग इरम्माने संध्याकाळी कडुनिंबाचा ओला पाला आणि शेणी पेटवून धूर करायला सुरुवात केली. धूर करायला परसात जागा थोडी का होती? पण तिने शेगडी मांडली ती नेमकी भिंतीच्या बुडाशी. वारा पश्चिमेचा, धूर सगळा शिवकांताच्या स्वयंपाकघरात. पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली की इरम्मा आणखी एक शेणी टाकी. पंधरा दिवस हा सोहळा चालला.

आणि मग कोवळे भोपळे गळू लागले. सुपारीएवढा होई, पिवळा पडे, टोकाकडून सडे आणि गळे. पहिले चार गळले तेव्हा ती गप्प बसली. दहावा गळला तेव्हा तिला कारण सापडलं. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दाखवायचाच झाला तर मूठ मिटून दाखवायचा. आणि मागच्या मंगळवारी शिवकांता भिंतीवरून वाकून, नवऱ्याला हाक मारून, इकडे चांगलं हातभर बोट दाखवत होती. इरम्माने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवसापासून तिचं लक्ष फुलांवर नव्हतंच, भिंतीवर होतं.

ती तडक मठात गेली. ओट्यावर स्वामी होते, कल्याणप्पा होता, चार जाणती माणसं होती, आणि गुरुसिद्धप्पा तर होताच. शिवकांताला बोलावणं गेलं.

"हिनं बोट दावलं माझ्या भोपळ्यास्नी!" इरम्मा ओरडली. "ईस गळाले. हिचं बोट झडून जावं!"

शिवकांता घाबरली नाही. तिने पदर खोचला.

"दावलं. न्हाय म्हणत न्हाय म्या," ती म्हणाली. "पर भोपळ्याला न्हाय, अक्का. भिंतीतल्या भोकाला दावलं. ह्यांना म्हणलं, बघा, माश्या गेल्या. तुमच्या धुरानं आमचे डोळे फुटायची पाळी आली, माश्या कशाला ऱ्हातील? आठ दिस झाले, एक माशी न्हाय. तुमाला दिसलं न्हाय?"

इरम्माला खरोखरच दिसलं नव्हतं. कल्याणप्पाने होय म्हणून मान हलवली. इरम्मा शिवी न देता ओट्याच्या कडेला टेकली. गावाने हे पहिल्यांदाच पाहिलं.

"मग आवंदा भाजी आमच्याकडनं," गुरुसिद्धप्पा हळूच म्हणाला.

हे ऐकून शिवकांता जावेपेक्षाही जास्त भडकली. "का म्हणून? घर मेलं न्हाय आमचं! सोमवाराला अजून दोन महिने हायेत. माझ्या माहेरी, आळंदकडं, माश्या नसल्या तर बाया हातानं करत्यात. लांब देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आन् ज्या फुलाच्या बुडाला बारका भोपळा आस्तोय त्याच्या पोटात फिरवायचं. पहाटंच. ऊन चढलं की उपयोग न्हाय."

"माझं म्या करते," इरम्मा फिसकारली.

"करा की. मग भुंगं कोण येचील? ते बी पहाटंच."

हात दोनच, आणि पहाट एकच. फुलं माखायला गेली तर भुंगे उडून जाणार आणि फुलंच खाणार. भुंगे वेचत बसली तर फुलं मिटणार. इरम्मा रात्रभर दात खात पडली. जावेला परसात घ्यायची म्हणजे मरण, आणि मान गुरुसिद्धप्पाला द्यायचा म्हणजे दुसरं मरण. उजाडायच्या आत तिने परसाच्या दाराची कडी काढली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आत आलीस तर तोंड उघडायचं न्हाय."

शिवकांता आली. अठरा दिवस रोज आली. एक पुढे फुलं माखत जाई, दुसरी मागून भुंगे झटकत येई. पाठीला पाठ लागली तरी शब्द नाही. एकदा इरम्माने मडक्यातलं भुंग्यांचं पाणी मुद्दाम जावेच्या पायाशी ओतलं. शिवकांताने पाय झटकला आणि पुढचं फूल धरलं. माखलेल्या फुलांचे भोपळे गळेनात. सुपारीचा लिंबू झाला, लिंबाचा तांब्या झाला. नऊ भोपळे धरले.

सोमवारी त्यातले चार मठात गेले. पंगत बसली. स्वामींना सगळं माहीत होतं. भाजीचं पातेलं आल्यावर त्यांनी इरम्माला विचारलं, "कुणाच्या नावानं वाढू, अम्मा?"

समोरच्या ओळीत शिवकांता बसली होती. अठरा पहाटा पिवळी झालेली तिची बोटं पत्रावळीवर होती.

"माझ्या," इरम्मा म्हणाली.

"इरम्माची भाजी वाढा," स्वामी म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकांता भिंतीवरून वाकली. वेलावर पाच भोपळे उरले होते. तिने उजव्या हाताचं बोट ताठ केलं आणि एकेका भोपळ्यावर रोखलं. "ह्यो. ह्यो. ह्यो. ह्यो. आन् ह्यो." मग ती खाली उतरून भांडी घासायला लागली.

इरम्माला आनंद झाला, खोटं कशाला बोला! आता कुजणार, आणि सगळ्या गावाला कळणार. ती रोज जाऊन देठ तपासी, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐके. पाचातला एक तरी कुजायला हवा होता. एक कुजला असता तर दोष बोटाचा ठरला असता आणि धूर निर्दोष सुटला असता. गौरी-गणपती झाले, दसरा आला. पाचही भोपळे दगडासारखे टणक पिकले. त्या पाचांना बघवेना म्हणून तिने ते पोत्याखाली झाकून ठेवले. मग एके दिवशी तिने भिंतीच्या भोकाभोवतीची काजळी खराट्याने खरवडून काढली. माश्या काही आल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मृगात नवा वेल फुलावर आला. इरम्मा दोन दिवस भिंतीपाशी घुटमळली. तिसऱ्या दिवशी भिंतीला म्हणाली, "फुलं उमलायलीत."

दुसऱ्या पहाटे शिवकांता आली आणि फुलं माखू लागली. त्या परसात त्यानंतर शेगडी कधी पेटली नाही, आणि शिव्या कधी थांबल्या नाहीत.

श्रावणातला शेवटचा सोमवार आला. भाजीचं पातेलं पंगतीत आलं. स्वामींनी तोंड उघडायच्या आत इरम्मा जागेवरून उठली.

"नाव कुणाचंच घेऊ नगा, अप्पा," ती खेकसली. "भाजी निवाय लागली. वाढा."