चाळीतला कांदा का सडला

आमची कांद्याची कंपनी देवळ्याकडची, मालक आम्ही शेतकरीच. संचालक मंडळात बाई हवी असं निघालं, तेव्हा नाशिकला राहणारी, शिकलेली आणि मुख्य म्हणजे गप्प बसणारी म्हणून मला घेतलं. हा शेवटचा अंदाज साफ चुकला, याचा मला आजही आनंद आहे. पहिलं वर्षभर सभेचं रजिस्टर सहीसाठी माझ्या घरी यायचं. सभा झाली होती, हे मला सही करताना कळायचं. दुसऱ्या वर्षी मी रजिस्टर तसंच परत पाठवलं आणि सभेला स्वतः जाऊन बसले. मग काय, कांदाचाळीचं, म्हणजे कांदा साठवायच्या शेडचं, काम माझ्याच गळ्यात पडलं.

त्या उन्हाळ्यात अचानक आभाळ भरून आलं. चाळीच्या दारात ट्रॉल्यांची रांग. कांद्याच्या माना अजून ओल्या होत्या, पण लोकांचा जीव टांगणीला लागलेला. मी म्हटलं, भरा. सगळ्यांचा माल एकत्र भरला गेला. दोन महिन्यांत चाळीला वास सुटला आणि निम्मा कांदा सडला.

वार्षिक अहवालाच्या मसुद्यात लिहून आलं, ‘नैसर्गिक कारणांमुळे साठवणुकीत अपेक्षित घट.’ खोटं कशाला बोलू, वाचून मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली. मी ते वाक्य खोडून लिहिलं, ‘कांदा ओला असताना भरला, म्हणून सडला. भरायची परवानगी चाळ सांभाळणाऱ्या महिला संचालकांनी दिली.’

अध्यक्ष म्हणाले, “ताई, कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता? अहवाल वाचतं कोण आपल्याकडं?”

तेही खरंच. आमच्याकडे पहिलं पान उलटायच्या आत मागून ‘मंजूर, मंजूर!’ येतं आणि लोक जेवणाकडे वळतात. म्हणून वार्षिक सभेत मी तेवढं पान उभी राहून मोठ्यानं वाचलं. माझी खुर्ची गेली असती तर गेली असती, पण खरं कारण लपवल्यामुळे विश्वास उडून पुढच्या वर्षी लोकांनी मालच आणला नसता तर कंपनी बुडाली असती.

बायकांमधून साठीची एक सभासद उठली.

“बरं झालं बाई, सांगितलं. मला वाटत व्हतं, माझाच कांदा खराब व्हता, त्याच्यापायी सगळ्यांचा सडला. घरात लय बोलणी खाल्ली मी. ते पान मला द्या, लेकाला दाखवायचं हाय.”

मी ते तिथल्या तिथे फाडून तिच्या हातात दिलं.